काढून टाकलेले आवाज

सण खरं तर मंगळवारी होता. मंगळवारी कुणालाच सुट्टी नव्हती, म्हणून सुताराला किंवा गॅसवाल्याला बोलवावं तसा तो रविवारी सकाळी साडेदहाला बोलावला होता.

धाकटी सून सव्वादहाला पोचली. थोरल्या दिरांच्या, म्हणजे दादांच्या, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफे भिंतीला सरकवले होते, मधे सतरंजी, सतरंजीच्या टोकाला दिवा. दिव्यासमोर, सासरे म्हणजे बाबा जुन्या घरात बसायचे तशा जागी, एक गोल काळा स्पीकर होता. त्याच्याखाली बाबांची शाल चौघडी करून ठेवलेली. थोरली जाऊ स्पीकरच्या पाया पडायची नाही, पण त्याच्याकडे कुणी पाय पसरून बसलं तर तिला खपायचं नाही.

"आलीस? बरं झालं," थोरली म्हणाली. "ते ताट तेवढं माझ्याजवळ ठेव. स्टीलचं. नाही, ते मोठं."

"यंदा ताट नाही लागणार, आई," आतून आवाज आला. "कितीदा सांगू?"

"तू गप. ताटाशिवाय पाठ होतो का?"

आतून बोलणारी म्हणजे छकुली. वय सव्वीस, उंची पावणेसहा फूट, तरी छकुलीच. सिनेमा-मालिकांचे आवाज साफ करणं हा तिचा धंदा. भांडणाच्या सीनमधून पंख्याची घरघर काढायची, मरणाच्या सीनमधून बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न.

यंदा तिने बाबांचा पाठ साफ केला होता.

*

पाठाविषयी, ज्यांना सगळं पाठ आहे त्यांच्यासाठीही

तो कुठे लिहिलेला नव्हता. बाबांच्या तोंडात होता, त्यांच्या वडिलांच्या तोंडून आलेला. एक्केचाळीस मिनिटं. बाबा सरकारात वजनमापं तपासायचे आणि पाठही मापाने म्हणायचे. एक्केचाळीसचं कधी बेचाळीस झालं नाही. मुलांनी शिकायचा होता. मुलं पुढच्या वर्षी शिकणार होती.

नियम एकच. पाठ सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही. कुणीही, कशासाठीही.

बावीस वर्षांपूर्वी ताई, म्हणजे दादांची बहीण, परदेशी निघाली, तेव्हा तिने बाबांच्या पुढ्यात टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळा पाठ कॅसेटवर घेतला. त्यानंतर दोन महिन्यांनी बाबांना झटका आला आणि वाचा गेली. पुढे चार वर्षं ते जगले, पण बोलल्याशिवाय. तेव्हापासून कॅसेट. मग सीडी. मग फोन. मग हा काळा गोळा.

आणि त्या दिवशी घरात जे जे वाजलं, ते सगळं कॅसेटमध्ये होतं.

०३:४० — बाबांना खोकला. सगळे श्वास धरून थांबतात.

१२:०५ — स्वयंपाकघरात ताट पडलं होतं. आता पाडतात.

१९:३० — कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की दिव्यात तेल.

२७:१० — बेल. दोनदा आखूड, एकदा लांब. कुणी हलत नाही.

ताट पहिल्यांदा कधी मुद्दाम पाडलं ते कुणाला आठवत नव्हतं. बहुतेक छकुलीनेच, सहा वर्षांची असताना, गंमत म्हणून. सगळे हसले होते. पुढच्या वर्षी हसणं कमी झालं. तिसऱ्या वर्षी थोरलीने स्वतः ताट हातात घेतलं. ताई तिकडे, समुद्रापलीकडच्या आपल्या स्वयंपाकघरात, ताट पाडत असे. तिच्या मुलांना ते पूजेचंच अंग वाटत असे आणि त्यांना कुणी तसं नाही म्हणून सांगितलंही नव्हतं.

बेलविषयी मात्र कुणी बोलत नसे. छकुलीने लहानपणी विचारलं होतं, तेव्हा दादा म्हणाले होते, "पोस्टमन."

सणाच्या दिवशी पोस्टमन कसा येईल, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

*

"काकू, एक मिनिट," छकुलीने धाकटीला बाल्कनीत ओढलं. "तुला आधी सांगायचं होतं."

"काय झालं?"

"मी सगळं काढलंय. खोकला, ताट, शिट्टी. माझे बाबा खूश आहेत, म्हणतात स्टुडिओसारखं झालंय. पण ती बेल काढताना... म्हणजे बेल फार मोठी होती गं. आपल्या त्या जुन्या घरात बसायच्या खोलीतच होती ना?"

"डोक्यावरच. घरघर करायची. कानठळ्या बसायच्या."

"तेच. त्यामुळे तिच्याखाली काय होतं ते कुणाला ऐकूच आलं नसणार. माइक आजोबांच्या तोंडापाशी होता म्हणून..." छकुली थांबली. "बोलणं आहे. पाठातलं नाही, आपलं साधं. ते मी नाही काढलं. माणसाचं बोलणं कसं काढणार?"

"काय बोलणं?"

"साडेदहा," आतून दादांनी हाक दिली. दादांचं औषधांचं दुकान होतं आणि रविवारीही ते बारा वाजता उघडायचं असे. "चला, बसा. ताई तिकडे केव्हाची ताटकळलीय."

धाकटी आत आली. गेली बावीस वर्षं ती एकाच जागी बसत होती: दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून. जुन्या घरातही तीच जागा, इथेही.

लिफ्टच्या कंपनीत तिची नोकरी होती. कुठल्याही इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं, की तिच्या टेबलावर फोन वाजे. तिसऱ्यांदा वाजायच्या आत उचलायचा. वाक्य ठरलेलं: घाबरू नका, मी इथे आहे, आत किती जण आहात? आणि माणूस बाहेर येईपर्यंत फोन ठेवायचा नाही, मग चार तास का लागेनात. तिचा नवरा त्याच कंपनीत मेकॅनिक होता. नोकरी तिला त्याच्यामुळेच लागली होती, तो नाहीसा झाल्यावर.

*

००:००

"आई गं," ताई टॅब्लेटमधून म्हणाली. "बाबा इथेच बसलेत असं वाटतंय."

खरंच तसं वाटत होतं. आत्तापर्यंतचे बाबा एका जुन्या घरातून, भांड्यांच्या आणि रस्त्याच्या आवाजातून, लांबून बोलायचे. हे बाबा याच खोलीत होते. शब्द संपल्यावर ओठ मिटल्याचा आवाज येत होता. छकुली कौतुकाची वाट बघत लॅपटॉपपाशी बसली होती. कुणी तिच्याकडे बघेना.

०३:४०

सगळे थांबले. श्वास धरले. बाबा थांबले नाहीत.

खोकला नसल्यामुळे ते तसेच पुढे गेले, आणि ही चार माणसं मागे राहिली. रस्ता ओलांडताना हात सुटावा तसं झालं. दादा दोन ओळी पुढचे ओठ हलवत होते, थोरली मागचे.

१२:०५

थोरलीच्या हातात ताट. ती छकुलीकडे बघते, छकुली मान हलवते: नको.  बाबांचा पाठ स्वच्छ, सपाट, न अडखळता पुढे चाललाय. एक ओळ गेली. दुसरी गेली. थोरलीने ताट सोडून दिलं.

फरशीवर ते गरगरत राहिलं. लगेच टॅब्लेटमधून ताईचं ताट पडलं.

"काय बाई ही," ताई पुटपुटली. "मला वाटलं मीच विसरले."

हसू यायला हवं होतं. कुणाला आलं नाही. थोरलीच्या चेहऱ्यावर भिजलेल्या माणसाची कळा होती. "चुकलं," ती हळूच धाकटीला म्हणाली. "आज सगळं चुकणार बघ."

१९:३०

शिट्टी नाही. तेल घालायचं राहिलं. वात करपल्याचा वास आला.

 धाकटीला माहीत होतं, आता सात मिनिटं चाळीस सेकंद. दरवर्षी ती ती मोजत असे. दरवर्षी बेल वाजे, दोनदा आखूड, एकदा लांब, आणि ती भिंतीला पाठ दाबून बसून राही, जशी तेव्हा बसली होती.

तिला कुणी सांगायला नको होतं. कामावरची कुठलीही घंटा तिचा नवरा तशीच वाजवून बघायचा. दोनदा आखूड, एकदा लांब. घरचीही.

कॅसेट झाली त्याच्या आदल्या वर्षी, याच सणाला, पाठ चालू असताना, त्याला कामावरून बोलावणं आलं होतं. कुठल्याशा इमारतीत दोन बायका आणि एक तान्हं मूल लिफ्टमध्ये अडकलं होतं. तो उठला. पाठाच्या मधोमध उठला, हत्यारांची पिशवी घेतली आणि गेला. पाठ संपल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "जो पाठातून उठला, तो या दारातून परत आत येणार नाही." तो परत आला तेव्हा दाराशी त्याचे कपडे बांधून ठेवलेले होते. बांधले कुणी? बांधले धाकटीनेच. बाबांनी सांगितलं म्हणून.

वर्षभर तो दुसऱ्या गावी राहिला, फोन करत राहिला, ती येते येते म्हणत राहिली. मग पुन्हा सण आला. पाठ सुरू झाला. बेल वाजली.

तिने बाबांकडे बघितलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. पाठ म्हणतायत, म्हणजे उत्तर काय ते कळलंच. तिने दादांकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं. सगळे बसलेले. ती बसली. बेल तीनदा वाजून थांबली. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही, खोलीवर नाही, कामावर नाही, कुठेच नाही.

आणि वाचा गेल्यावरची ती चार वर्षं, घरात कधीही बेल वाजली की बाबा मान वळवून धाकटीकडे बघायचे. एकटक. तिला वाटायचं, टोमणा मारतायत. बघ, नियमाने बसलीस ना.

२७:१०

बेल वाजली नाही.

बाबांची ओळ अर्ध्यावर थांबली.

 

 

मग त्यांचा आवाज आला. पाठाचा नव्हे. चहा मागायचा, पेपर मागायचा, तो घरातला आवाज.

"उघड गं."

 

"धाकटे, आलाय तो. जा, उघड."

 

 

 

नऊ सेकंद. लॅपटॉपच्या पडद्यावर सरळ रेघ चालली होती. नऊ सेकंद बाबा थांबले होते, डोळे मिटून, ती उठायची वाट बघत. मग त्यांनी घसा खाकरला आणि अर्धी राहिलेली ओळ उचलली. इथून पुढे आवाज जरा हलत असे. सगळ्यांना आजवर वाटायचं, दमले म्हणून.

*

पाठ चालू असताना त्या घरात पहिल्यांदाच वाद झाला.

"हे काय घातलंस तू मधे?" दादांनी छकुलीला दबक्या आवाजात विचारलं.

"मी काही घातलं नाही, बाबा. मी फक्त काढलं."

"बाबांनी असं म्हणणंच शक्य नाही. ते स्वतः मला म्हणाले होते..."

"कधी?" थोरली म्हणाली. "कधी म्हणाले होते? आदल्या वर्षी. वर्षभरात माणूस बदलत नाही?"

"आत्ता नको. पाठ चाललाय."

"पाठ चाललाय," थोरलीने त्यांचंच वाक्य परत केलं. "बावीस वर्षं पाठच चाललाय."

 धाकटीच्या कानात घरातला तो आवाज अजून घुमत होता. धाकटे. बाबा तिला सुनबाई म्हणत; धाकटे असं ते तिला एकदाच म्हणाले होते, आणि ते तिने आज ऐकलं.

"मला माहीत होतं," टॅब्लेटमधून ताई म्हणाली.

सगळे तिकडे वळले. ताईच्या मागे तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती, बाहेर अजून उजाडायचं होतं.

"मूळ कॅसेट माझ्याकडेच आहे ना. पहिल्याच वर्षी हेडफोन लावून ऐकली होती. काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, भास असेल. मग परत कधी हेडफोन लावले नाहीत."

"एक फोन करायचास, ताई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कामावरच्यासारखा अगदी शांत निघाला. "तेव्हा बाबा होते. बोलता येत नव्हतं, पण मान तर हलवता येत होती. मी विचारलं असतं."

"आणि मग? त्यांनी हो म्हटलं असतं, तर तू जगली असतीस का?"

 बाबा म्हणत राहिले. एकतीस मिनिटं. बत्तीस.

आणि बेल वाजली.

*

दोनदा आखूड. एकदा लांब.

दादांच्या दाराला चिवचिवणारी बेल होती, पाखरांच्या आवाजाची; थोरलीने स्वतः निवडलेली. ही ती नव्हती. ही घरघरत होती, डोक्यावरून, जुन्या घरातल्यासारखी, दात शिवशिवतील अशी. जुनं घर पाडलं त्याला चौदा वर्षं झाली होती.

"छकुली, बंद कर," दादा म्हणाले.

छकुलीने दोन्ही हात लॅपटॉपपासून वर उचलून दाखवले. "माझ्याकडून नाही येत."

"इथे पण वाजली," ताई म्हणाली. तिचा चेहरा टॅब्लेटमध्ये अडकल्यासारखा स्थिर झाला होता. मग तो हलला. ती आपल्या दाराकडे बघत होती. "माझ्या इथे पण वाजली गं."

धाकटीने हात जमिनीला टेकला.

"बस," दादा म्हणाले. रागाने नाही, त्यांच्या कपाळावर घाम होता. "बस गं. ऐक माझं. नऊ मिनिटं राहिलीत फक्त. संपलं की आपण सगळे मिळून उघडू. मी स्वतः उघडतो."

"तेव्हाही संपल्यावर उघडलं होतं, दादा," धाकटी म्हणाली.

"तेव्हाही मीच उघडलं होतं." दादांनी मान खाली घातली. "पायरीवर त्याची पिशवी होती. हत्यारांची. मी माळ्यावर टाकली. तुला सांगितलं नाही."

थोरलीने नवऱ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदाच बघत असावी. मग ती गुडघ्यावर सरकत धाकटीच्या जागेपाशी आली, दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून बसली, आणि दिवा आपल्याजवळ ओढून घेतला.

"ऊठ," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर मी बसते. जागा भरलेली असली की झालं. ऊठ लवकर."

बेल दुसऱ्यांदा वाजली. दोनदा आखूड. एकदा लांब.

धाकटी उठली.

गुडघा वाजला. सतरंजीची कड, मग थंड फरशी, मग चपलांचा ढीग. सहा पावलं. पाठ थांबला नाही, छत कोसळलं नाही. फक्त बाबांचा आवाज मागे पडत गेला, जसा चालायला लागल्यावर कुणाचाही पडतो. तिसऱ्या घंटेच्या आत, तिला वाटलं. तिसऱ्यांदा वाजायच्या आत. तिने कडी काढली.

बाहेर कुणी नव्हतं.

समोरच्या पॅसेजमध्ये दुपार व्हायच्या आधीचं पांढरं ऊन. शेजारच्यांचं बंद दार, त्यांच्या मुलाची सायकल. आणि समोर लिफ्ट, नवव्या मजल्यावर उभी, दार उघडं, आत दिवा लागलेला. रिकामी.

या बनावटीच्या लिफ्टचं दार आठ सेकंदांत आपोआप मिटतं. धाकटीला ते ठाऊक होतं. तिने आठ मोजले. दार मिटलं नाही. आत बटणांच्या शेजारी, बोलायच्या जाळीवर, बारीकसा लाल दिवा जळत होता. म्हणजे आतून कुणीतरी बटण दाबलं होतं, आणि कुठेतरी कुणाच्या तरी टेबलावर फोन वाजत होता.

ती लिफ्टपाशी गेली. एक पाय आत, एक बाहेर, खांद्याने दार अडवून. जाळीजवळ तोंड नेलं. वाक्य आपोआप आलं, वीस वर्षांत हजारदा म्हटलेलं.

"घाबरू नका. मी इथे आहे. आत किती जण आहात?"

जाळीतून आधी नुसती खरखर. मग श्वास, फार वेळ जिने चढून आलेल्या माणसाचा. मागे, घरात, बाबांना खोकला आला. छकुलीने स्वतःच्या हाताने काढून टाकलेला, तोच खोकला. घरातले सगळे श्वास धरून थांबले, ते तिला इथवर कळलं.

"एकच," जाळीतून आवाज आला.

बाबांसमोर ती नवऱ्याला अहोजाहो करत असे, आणि कामावर तर परक्या पोरालाही. दोघंच असताना मात्र कधीच नाही.

"दार उघडंय," धाकटी म्हणाली. "ये."